उलटे जोडलेले रोहित्र व विहिरीवरील मोटार

विहिरीपर्यंत वीज पोहोचली म्हणजे ओलिताचा प्रश्न सुटला, असे आपण मानतो. परंतु हाती असलेली वीज एका प्रकारची आणि विकत घेतलेली मोटार दुसऱ्या प्रकारची, असा प्रसंग अनेक शेतकरी बांधवांवर येतो. वीज २३० व्होल्टची सिंगल फेज असते. स्वस्तात मिळालेली जुनी मोटार मात्र ४१५ व्होल्टची निघते. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की, ४१५ चे २३० करणारे रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, उलटे जोडावे व काम भागवावे. आमच्या मते बहुतेक शेतांवर हा सल्ला मानू नये. त्याची कारणे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असली पाहिजेत.

सल्ला अगदीच निराधार आहे असे नव्हे. रोहित्रात लोखंडी गाभ्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या असतात व वेढ्यांच्या प्रमाणात विजेचा दाब बदलतो. म्हणून दाब उतरविणारे रोहित्र उलट बाजूने तो चढवितेही. मात्र एका फेजचे तीन फेज ते करू शकत नाही. थ्री फेज मोटारीस अशी वीज दिल्यास ती जागची हलत नाही. नुसती गुणगुणते, तापते आणि वेळीच बंद न केल्यास जळते.

मोटार दोन तारांवर चालणारी, ज्या जातीस टू फेज म्हणतात, अशी असली तरीही अडचणी उरतात. रोहित्र शक्ती निर्माण करीत नाही. चढविलेल्या दाबाची भरपाई पुरवठ्याकडील वाढत्या प्रवाहाने करावी लागते. ३ अश्वशक्तीच्या मोटारीस २३० व्होल्टच्या बाजूने सुमारे १५ अँपिअर प्रवाह लागेल व सुरू होताना त्याच्या कित्येक पट. घरगुती बारीक तारेत तेवढ्याने दाब कोसळतो. शिवाय लहान रोहित्रांत भाराखाली दाब पुरा पडावा म्हणून उतरत्या बाजूस काही वेढे जादा दिलेले असतात. उलट जोडणीत तेच वेढे नडतात आणि ४१५ ऐवजी ३८० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाने घटत असल्यामुळे तो सुमारे ८४ टक्क्यांवर येतो. बटण दाबताच रोहित्र क्षणभर मोठा प्रवाह ओढते व फ्यूज उडतो. मग जाड तार घालण्याचा मोह होतो. तो मोह म्हणजे आगीला आमंत्रण होय.

याहून गंभीर गोष्ट जीविताची आहे. मोटारीकडील गुंडाळी जमिनीपासून अलग राहिली, तर एक तार मोटारीच्या अंगास चिकटली तरी फ्यूज उडत नाही. दोष लपून राहतो आणि दुसरा दोष उद्भवला की ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा बळी घेतो.

रोहित्राच्या याच दुतर्फी गुणामुळे जनित्र वापरणारांनीही सावध असावे. वीज गेली असता जनित्र थेट गावच्या तारांना जोडले, तर ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे गावचे रोहित्र उलट चालते. बंद समजलेल्या उच्चदाब तारेत वीज येते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा प्राण धोक्यात पडतो. म्हणून चेंजओव्हर स्विचशिवाय जनित्र जोडूच नये.

यास्तव मोटार घेण्यापूर्वी तिच्या पट्टीवरील व्होल्ट, फेज व अश्वशक्ती वाचावी आणि ती आपल्या जोडणीशी ताडून पाहावी. जुळत नसल्यास ती मोटार बदलून पुरवठ्यास योग्य अशी घ्यावी, किंवा थ्री फेज जोडणीसाठी रीतसर अर्ज करावा. रोहित्र वापरणे अपरिहार्यच असेल, तर दाब चढविण्यासाठीच बनविलेले व मोटारीच्या सुरुवातीच्या प्रवाहास पुरून उरेल असे घ्यावे. जोडणी, अर्थिंग व संरक्षण परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे. कार्यकर्त्यांनी मोटारीची पट्टी वाचण्यास शेतकऱ्यांना शिकविले, तर पुष्कळ पैसा व एखादा जीवही वाचेल.