रक्ताची साक्ष

नेरूळच्या तलावाभोंवतीं किंवा पामबीच मार्गाच्या कडेनें पहांटे फेरफटका मारला, तर नव्या मुंबईंतील मंडळी किती उत्साहानें चालूं व धांवूं लागली आहेत हें सहज दिसून येतें. साठी उलटलेले गृहस्थ आणि नातवंडें असलेल्या भगिनीही त्यांत आढळतात. ही गोष्ट निःसंशय आनंदाची आहे. परंतु २०२४ च्या जानेवारींत मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें दोन धांवपटू कोसळून मृत्यू पावले. अशा वार्ता कानीं आल्या म्हणजे ‘शर्यतीनंतर रक्तांतील ट्रोपोनिन तपासून घ्यावें काय?’ असा प्रश्न घरांतील वडील मंडळींच्या मनांत उभा राहणें साहजिक आहे. म्हणून या तपासणीचें मर्म वाचकांपुढें ठेवीत आहों.

हृदयाला इजा झाली हें रक्तावरून ओळखण्याचा मार्ग प्रथम १९५४ सालीं अमेरिकेंत सांपडला. परंतु त्या वेळीं मोजलेला पदार्थ यकृतांत व इतर स्नायूंतही असल्यामुळें त्याची साक्ष संशयास्पद ठरे. पुढें १९६५ सालीं जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनीं स्नायूंच्या आकुंचनाचें नियमन करणारें ट्रोपोनिन हें प्रथिन शोधून काढलें. त्याचे ‘आय्’ व ‘टी’ हे दोन घटक हृदयांत विशिष्ट स्वरूपाचे असतात. हृदयाच्या पेशींना इजा झाली कीं ते रक्तांत उतरतात. हातापायांच्या स्नायूंतून येणाऱ्या पदार्थांशीं त्यांची गल्लत फारशी होत नाहीं, हेंच त्यांचें महत्त्व.

तथापि ही साक्ष फक्त ‘इजा झाली’ एवढेंच सांगते. ती कशानें झाली हें सांगत नाहीं. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसांतील रक्ताची गुठळी, यांतही हा आंकडा वाढतो. शंभर निरोगी माणसांपैकीं नव्याण्णवांचा आंकडा जिच्या आंत राहतो ती मर्यादा ओलांडली, म्हणजे झटका आलाच असें नव्हे. कांहीं तासांच्या अंतरानें दोन वेळां रक्त घेऊन आंकडा चढतो वा उतरतो आहे काय हें पाहावें लागतें, आणि छातींतील वेदना, ई. सी. जी. इत्यादि पुराव्याशीं त्याचा मेळ घालावा लागतो.

धांवपटूंच्या बाबतींत तर ही सावधगिरी फारच अवश्य आहे. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीनंतर पुष्कळ निरोगी धांवपटूंचा आंकडा मर्यादेबाहेर जातो. तो कांहीं तासांत शिखरास पोंचतो व बहुधा एक ते तीन दिवसांत खालीं येतो. झटक्यांत मात्र तो आठवडाभर वा त्याहूनही अधिक काळ चढलेला राहूं शकतो. म्हणून कांहींएक तक्रार नसतां शर्यतीनंतर ही तपासणी करून घेणें म्हणजे विनाकारण घोर लावून घेणें होय. तरी ही वाढ सर्वस्वीं निरुपद्रवी आहे असेंही मानूं नये. नेदरलंड्समधील नायमेखेन येथें ३० ते ५५ किलोमीटर चालणाऱ्या ७२५ जणांचा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ज्यांचा आंकडा चालल्यानंतर मर्यादेबाहेर गेला, त्यांच्यांत पुढील कांहीं वर्षांत मृत्यू व हृदयविकार यांचें प्रमाण अधिक आढळलें.

आतां खरा धोका कोठें आहे तें सांगतों. पहांटे चार वाजतां आजोबांच्या छातींत कळ येते. घरांत ओवा, सोडा, ‘गॅस असेल’, हे उपचार चालतात, आणि ‘सकाळीं प्रयोगशाळा उघडली कीं रक्त तपासूं’ असें ठरतें. हा विलंबच घातक होय. आरंभींच्या दोन-तीन तासांत ट्रोपोनिन प्राकृत येऊं शकतें. तेवढ्यावर निश्चिंत होऊन रुग्णास घरीं ठेवणें म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणें आहे. रुग्णालयांत पोंचल्यापासून दहा मिनिटांच्या आंत ई. सी. जी. व्हावा असा दंडक आहे. त्यांत रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याचें लक्षण दिसलें तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहतां उपचार सुरू करतात. कारण प्रत्येक घटकेस हृदयाचा स्नायू मरत असतो.

घरांतील स्त्रिया व मधुमेही यांच्याविषयीं विशेष दक्ष असावें. त्यांना पुष्कळदां छातींत कळ न येतां दम लागणें, घाम फुटणें, मळमळणें, जबडा वा पाठ दुखणें एवढेंच होतें. आणि घरची बाई तर स्वतःचें दुखणें सर्वांच्या शेवटीं सांगते. अशा वेळीं १०८ क्रमांकावर दूरध्वनि करावा. महाराष्ट्रांत २०१४ पासून ही रुग्णवाहिकेची सोय आहे. रक्त काय सांगतें तें रुग्णालयांतील वैद्यांनीं पाहावें. रुग्णास तेथें वेळेवर पोंचविणें हें मात्र घरच्या माणसांचेंच काम आहे.