थंड प्लाझ्माची बातमी आणि चौथे इंजेक्शन

गेल्या गुरुवारी छावणीच्या बाजारात आमच्या वस्तीतील एक वहिनी भेटल्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. स्तनाच्या कर्करोगासाठी केमोची तीन इंजेक्शने झाली आहेत, केस गेले आहेत. गाठ मोठी असल्याने डॉक्टरांनी आधी केमो देऊन ती लहान करायची आणि मग ऑपरेशन करायचे ठरवले आहे. मुलाने मोबाईलवर कुठलीशी बातमी दाखवली होती. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, थंड प्लाझ्मा नावाचं काही निघालंय म्हणे. कापाकापी नाही, केस जात नाहीत. मग चौथं इंजेक्शन घेऊ, का थांबू?"

भाजीची पिशवी हातात धरून उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हता. "थांबू नका" एवढेच तेव्हा सांगितले. का थांबू नका, ते या आठवड्याच्या सदरात सांगतो. हाच प्रश्न इतरही घरांत असेल.

आधी नावाचा घोळ मिटवू. 2020 साली करोनाच्या काळात ज्या प्लाझ्मासाठी रक्तपेढ्यांकडे धावाधाव झाली, तो रक्तातला पातळ भाग. हा प्लाझ्मा तो नव्हे. घरातली ट्यूबलाईट लागते तेव्हा नळीतला वायू विजेने चमकतो. वायूची ती जी अवस्था, तिला शास्त्रात प्लाझ्मा म्हणतात. आकाशातली वीज हाही प्लाझ्माच, पण तो भयंकर तापलेला. शास्त्रज्ञांनी हेलियम किंवा अरगॉन वायू बारीक नळीतून सोडून, त्याला वीज देऊन असा झोत तयार केला आहे की तो त्वचेला भाजत नाही. म्हणून थंड.

या झोतातून प्राणवायू आणि नत्रवायूचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात. कर्करोगाच्या पेशी घाईने वाढतात, त्यामुळे त्यांच्यात असल्या कणांचा भार मुळातच जास्त असतो. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी तांब्याभर पाणी ओतावे तसे होते आणि पेशी मरते. निरोगी पेशीची घागर अर्धी रिकामी असल्याने ती पुष्कळदा तगते. प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर हे करून पाहिले आहे. नुसत्या प्लाझ्मापेक्षा प्लाझ्मा आणि केमोचे औषध एकत्र दिल्यावर परिणाम वाढल्याचे दिसले. टॅमोक्सिफेन या गोळीला दाद न देणाऱ्या पेशी प्लाझ्मानंतर पुन्हा दाद देऊ लागल्या, असाही प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. बातमी अगदी खोटी नाही, ती यामुळेच.

पण हे काचेच्या बशीतले. माणसाच्या शरीरात अडचण अशी की हा झोत फार खोल जात नाही. वरवरच्या काही थरांपर्यंतच त्याचे काम. म्हणून अमेरिकेत 2019 साली पहिल्या मानवी चाचणीला परवानगी मिळाली, तीही ऑपरेशनने गाठ काढल्यावर उरलेल्या जागेवर हा झोत फिरवण्यासाठी. रुग्ण होते 20, निरनिराळ्या अवयवांचे पसरलेले कर्करोग असलेले. हे सुरक्षित आहे का, एवढेच त्या चाचणीत प्रामुख्याने पाहायचे होते. म्हणजे तिथेही कापाकापी टळली नव्हती. प्लाझ्मा ऑपरेशनच्या जोडीला होता, त्याच्या जागी नव्हता. मोबाईलवरच्या बातमीत हे वाक्य नेमके गळते.

जोडीला हा शब्द वहिनींनी नीट समजून घ्यावा. हा रोग एका गाठीपुरता नसतो. गाठ ऑपरेशनने निघते. तिच्या आसपास राहिलेल्या पेशींसाठी किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात. रक्तातून दूर गेलेल्या पेशींसाठी केमो. संप्रेरकांवर पोसणारा कर्करोग असेल तर पुढे वर्षानुवर्षे टॅमोक्सिफेनसारखी गोळी. एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही. मधला एक टप्पा सोडला की बाकीच्यांनी केलेली मेहनतही उणी पडते.

जोडीच्या उपचाराचे एक उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे आणि मला ते प्लाझ्मापेक्षा मोठे वाटते. परळच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 पासून देशातील 11 केंद्रांत 1600 स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांना ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेनचे इंजेक्शन दिले. दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच औषध. गाठ हाताळली जाते तेव्हा तिच्यातल्या पेशी सुटून पसरू नयेत, हा विचार. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या गटात शंभरातल्या 86.4 स्त्रिया हयात होत्या, दिलेल्या गटात 90.1. खर्च एका रुग्णामागे शंभर रुपयांच्या आत. निष्कर्ष 2022 साली पॅरिसच्या परिषदेत मांडले गेले आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्या साऱ्या स्त्रियांची गाठ लवकर सापडलेली होती आणि ऑपरेशन केमोच्या आधी झाले होते. वहिनींचे तसे नाही. तरी आपल्या सर्जनला विचारायला काय हरकत आहे? विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावले तरी जीव आपला आहे.

गाठ लवकर सापडण्यासाठी मोठे यंत्रच लागते असेही नाही. टाटाच्याच डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही. धुणीभांडी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या आपल्या बायका दुखत नाही म्हणून गाठ लपवतात. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे घरातल्या पुरुषांनीही ऐकून ठेवावे.

आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. केमो, ऑपरेशन, शेक, तिन्ही तिथे होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलाशी जावे, मंजुरीचा कागद जपून ठेवावा. मुंबईला उपचारासाठी जावे लागले तर रेल्वेच्या भाड्यात रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते. त्याचा अर्ज रुग्णालयाच्या सहीशिक्क्याने भरून घ्यावा.

वहिनींच्या मुलाला मी घरी बोलावून हे सगळे सांगितले. बातमीत शेवटी पैसे भरण्यासाठी कोणाचा नंबर दिला आहे का, तेही पाहायला लावले. होता. चौथे इंजेक्शन येत्या मंगळवारी आहे. सोबत तोच जाणार आहे, कामावर खाडा पडला तरी.