पुढचा श्लोक वाचा

पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एक गाजलेला श्लोक आहे. पती बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर स्त्रीला दुसरा पती करता येतो. १८५५ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाची बाजू याच श्लोकावर लढवली. विरोधकांनी पुढच्या दोन श्लोकांवर बोट ठेवले. तिथे ब्रह्मचर्याने राहणाऱ्या विधवेला स्वर्ग सांगितला आहे, सहगमन करणारीला तर साडेतीन कोटी वर्षांचा! विद्यासागरांनी ते श्लोक झाकले नाहीत. विधवेपुढे तीन वाटा आहेत, सती कायद्याने बंद झाली, ब्रह्मचर्य झेपत नसेल तिने लग्न करावे, असे ते म्हणाले. मग प्रतिपक्षाने या स्मृतीवरची माधवाचार्यांची टीका पुढे केली: ही मुभा दुसऱ्या युगासाठी. पण ही स्मृती तर कलियुगाचीच मानली जाते.

१८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी १८७० साली पुण्यात शंकराचार्यांच्या उपस्थितीत पुन्हा शास्त्रार्थ झडला. ज्यांच्या आयुष्याचा निवाडा व्हायचा होता, त्या बायकांना बहुधा अक्षरओळखही नव्हती.

वचने उद्धृत करणाऱ्यांवर होणारा ‘संदर्भ सोडून बोलता’ हा आरोप आम्हाला म्हणूनच अर्धवट वाटतो. संदर्भ दोन श्लोकांचा, की सगळ्या टीकापरंपरेचा? प्रत्येकजण आपल्या सोयीच्या ठिकाणी थांबतो, आणि सुधारकही त्याला अपवाद नाहीत.

या अंकातल्या लेखकांना आम्ही वचनांच्या मागचापुढचा मजकूरही मागितला. काही लेख त्यामुळे बरेच लांबले. लांबू दिले.