'साठी बुद्धी नाठी' म्हणण्यापूर्वी

साक्रीच्या बाजारातून घराकडे निघालेला एखादा वृद्ध परिचित वाटेवरच गोंधळून उभा राहिला, तर पाहणारा 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून मोकळा होतो. कित्येकांच्या आजाराचे निदान या म्हणीपाशीच थांबते. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा धर्म नसून मेंदूचा विकार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील शंभर भारतीयांपैकी सुमारे सात जणांना तो जडलेला असून रुग्णसंख्या ८८ लाखांच्या घरात जाते. शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

या विकाराची एक पाऊलखूण आता मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आढळू लागली आहे. १८८५ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले, तेव्हा बहुतेक अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांच्या पेशी परस्परांना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की, रक्तातील अनेक अपायकारक द्रव्यांना आत शिरकाव मिळत नाही, हे पुढे उलगडले. हा बांध झिरपू लागतो तो केव्हा? २०१५ साली अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी एमआरआयच्या साहाय्याने दाखविले की, स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पस या भागात ही गळती वयाबरोबर वाढते आणि ज्यांची स्मृती मंदावू लागली आहे त्यांच्यात ती अधिक असते. त्यासाठी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टोचावे लागले होते. आता रक्तातील पाण्यालाच चुंबकीय खूण करून त्यातील किती मेंदूत उतरते, हे सुई न टोचता मोजण्याच्या पद्धती विकसित होत आहेत.

हे स्वागतार्ह खरे. परंतु या पद्धती अद्याप संशोधनाच्या पातळीवर आहेत. मग साक्रीकरांनी त्यांची वाट पाहत बसावे काय? मुळीच नाही. उच्च रक्तदाब हा मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांचा जुना वैरी आहे आणि तो मोजण्यास दंडाला बांधायचा पट्टा पुरतो. चीनमधील ३२६ खेड्यांत, चाळिशीपुढील सुमारे ३४ हजार रक्तदाबग्रस्तांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या खेड्यांत गावच्याच आरोग्यसेवकांनी चार वर्षे नेटाने औषधोपचार चालविले. तेथे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर खेड्यांहून १५ टक्क्यांनी कमी आढळले. त्या प्रयोगात रक्तवाहिन्यांची गळती मोजलेली नव्हती, हे मान्य करूनही त्याचा बोध स्पष्ट आहे.

तेव्हा तालुक्यातील प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात चाळिशीपुढील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब नियमाने मोजला जावा. ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या गोळ्या वाटेत खंडित होऊ नयेत. आणि आजोबांच्या विसराळूपणाची चेष्टा न करता त्यांना डॉक्टरांकडे नेले जावे. शिक्षकांनी व कारकुनांनी या कामाचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा. नवे यंत्र यावयाचे तेव्हा येईल. म्हणीचा आडोसा मात्र आजच सोडता येण्याजोगा आहे.