जीव वाचला, लक्ष कोण सावरणार?

डोक्याला मार लागून न्यूरोसर्जरीच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरचा मजकूर बहुतेक वेळा सारखाच असतो. रुग्ण शुद्धीवर आहे, चालतो-बोलतो, टाके काढले, फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू ठेवाव्यात, पंधरा दिवसांनी ओपीडीत दाखवावे. कार्डावरचे सगळे खरे असते. पण महिनाभरात घरच्यांना कळू लागते की माणूस परत आला, त्याचे लक्ष आलेले नाही. गॅसवर दूध ठेवून तो निघून जातो. दुकानात दोन गिऱ्हाइके एकदम बोलली की सुट्ट्या पैशांचा हिशेब कोलमडतो. सकाळी ठरलेले दुपारी आठवत नाही आणि आठवण करून दिली की चिडतो. वर ठामपणे सांगतो, ‘मला काही झालेले नाही.’ घरचे म्हणतात आळशी झाला, मालक म्हणतो कामचुकार झाला.

कवटीचा तळ आतून खडबडीत असतो. दुचाकीवरून पडल्यावर डोके झटक्यात थांबते, आतला मेंदू थांबत नाही. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग त्या हाडावर घासला जातो, आतले लांब मज्जातंतू ताणले जातात, काही तुटतात. लक्ष टिकवणे, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे, बेत आखणे, स्वतःची चूक ओळखणे ही कामे बरीचशी याच भागांची आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंची. सीटी स्कॅनवर यातले पुष्कळसे दिसत नाही. ‘मला काही झालेले नाही’ हा हट्टही अनेकदा इजेचाच भाग असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत शनिवारची एक रात्र काढली की या जखमींत डोक्याला मार लागलेले किती असतात, याचा अंदाज येतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, सीटी स्कॅन पूर्वीपेक्षा सहज होतो, जीव वाचवण्याची साखळी बरीच मजबूत झाली आहे. ती डिस्चार्जच्या टेबलापाशी तुटते.

त्यापुढच्या उपचाराला वैद्यकात कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशन म्हणतात, मराठीत बोधनिक पुनर्वसन म्हणू. ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात उरल भागातल्या रुग्णालयात अलेक्झांडर लुरिया यांनी डोक्यात गोळी किंवा छर्रा लागलेल्या सैनिकांवर हे काम केले. एक वाट बंद झाली असेल तर तेच काम दुसऱ्या वाटेने करायला शिकवायचे, हे त्यांचे सूत्र आजही टिकून आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये सोलबर्ग आणि मटीर यांनी लक्षाचे पदर वेगळे करून प्रत्येकाचा सराव देणारी पद्धत मांडली. इंग्लंडमध्ये ईली येथे बार्बरा विल्सन यांनी १९९६ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र उभे केले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. मोबाइलवर चौकोन जुळवले, अंक लक्षात ठेवले की मेंदू पुन्हा तल्लख होतो, अशी जाहिरात सगळीकडे दिसते. अशाच खेळांची विक्री करणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’ला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरायला लावले. मेंदूच्या इजेसाठी ‘इनकॉग’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : रोजच्या जगण्याशी संबंध नसलेल्या संगणकी कसरतींवर विसंबू नका. खेळात गुण वाढतात, दूध तरीही उतू जाते. त्यापेक्षा रुग्णाला त्याच्याच कामात आपले लक्ष कुठे सुटते हे ओळखायला आणि ते सावरण्याची युक्ती वापरायला शिकवणे अधिक उपयोगी ठरते.

मात्र हे शिकवणे दिसते तितके सोपे नाही. स्मरणशक्ती खूप बिघडलेल्या रुग्णाला प्रेमाने विचारले जाते, ‘ओळख बघू, मी कोण?’ तो अंदाजाने काहीतरी सांगतो, चुकतो, आणि बऱ्याचदा ते चुकीचे उत्तरच पक्के बसते. चूक झाली होती ही आठवण राहत नाही, चूक मात्र राहते. म्हणून अशा रुग्णाला अंदाज करायलाच लावायचे नाही. आधी बरोबर उत्तर द्यायचे, ते म्हणवून घ्यायचे आणि मदत हळूहळू कमी करत न्यायची. याउलट ज्याची स्मृती बरी आहे पण स्वतःच्या चुका दिसत नाहीत, त्याला काम करण्याआधी ‘किती वेळ लागेल, कुठे अडेल’ हे विचारून मग प्रत्यक्ष काय झाले ते त्याच्याकडूनच ताडून घ्यायचे असते. तिथे चूक हेच शिकण्याचे साधन. समोरचा रुग्ण यातला कोणता, हे ओळखायला तपासणी यावी लागते. मोबाइलचा गजर लावून देणे कोणालाही जमते. पण गजर वाजल्यावर तो बंद करून पुन्हा झोपणाऱ्या माणसाला त्यापुढची कृती सवयीने करायला लावणे हे आठवड्यांचे काम आहे. ते पुस्तक वाचून येत नाही, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण हाताळूनच येते.

असे हात तयार करण्याचा पाया महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले, ते देशातले पहिले. हाजीअलीची केंद्रीय पुनर्वसन संस्था १९५५ ची. बंगळूरच्या निम्हान्समध्ये लक्ष आणि स्मृतीच्या पुनर्प्रशिक्षणाचे काम अनेक वर्षे चालू आहे. तिथल्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये भारतीयांचे वय, लिंग आणि शिक्षण लक्षात घेऊन चाचण्यांचा संचही प्रसिद्ध केला. तरीही जिल्ह्याच्या गावी रुग्णाचा मुलगा ‘हे कुठे शिकवतात?’ असे विचारतो, तेव्हा डॉक्टरकडे पत्ता नसतो. ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीत आणि चिकित्सा मानसशास्त्राच्या शिक्षणात हा विषय येतो, पण अनेक विषयांपैकी एक म्हणून. नंतर नोकरीत तो वापरायला ना वेळ, ना कोणी दाखवणारा. मानसशास्त्रज्ञाच्या वाट्याला प्रमाणपत्रांच्या चाचण्या येतात, थेरपिस्टच्या वाट्याला आखडलेले हात.

याची किंमत न्यायालयातही मोजावी लागते. अपंगत्वाची टक्केवारी वेगळी आणि कमावण्याची क्षमता किती गेली हे वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात स्पष्ट केले. पण हातपाय धडधाकट असलेल्या ड्रायव्हरचे लक्ष दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, हे नीट तपासून लिहून देणारा प्रशिक्षित माणूसच नसेल, तर अपघात दाव्यात ते मांडायचे कशाच्या आधारावर? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूच्या इजेचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे तिथेही हा माणूस कुठल्या रकान्यात बसवायचा यावरून घोटाळा होतो.

नवी पदवी काढण्याची गरज नाही. त्यात दहा वर्षे जातील. सेवेत असलेल्या थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा उपचारतज्ज्ञांसाठी काही महिन्यांचा अभ्यासक्रम पुरेल. त्यात वर्ग थोडे आणि देखरेखीखाली हाताळलेले रुग्ण जास्त असावेत. प्रमाणपत्र हजेरीवर नको, रुग्ण हाताळल्याच्या नोंदी तपासून द्यावे. साहित्य मराठीतच तयार व्हावे. शाळेत न गेलेल्या शेतमजुराला इंग्रजी अक्षरे खोडायला लावून त्याचे लक्ष मोजता येत नाही, बाजाराची यादी किंवा पाळीचे पाणी सोडण्याचा क्रम सांगून बऱ्यापैकी पाहता येते. नातेवाइकांना शिकवणे हाही अभ्यासक्रमाचा भाग हवा, कारण दिवसातले उरलेले तेवीस तास रुग्ण त्यांच्याकडेच असतो.

पहिल्या तुकडीत प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एक थेरपिस्ट आणि एक मानसशास्त्रज्ञ एवढे पाठवले तरी सुरुवात होईल. फक्त परतल्यावर त्यांना शांत खोली, आठवड्यातल्या ठरलेल्या दोन सकाळी आणि न्यूरोसर्जरीच्या डिस्चार्ज कार्डावर एक छापील ओळ मिळायला हवी : लक्ष व स्मृतीची तपासणी, अमुक खोली, अमुक वार.