वाफ्याचे आच्छादन आणि गोठ्यातील वैरण

सोलापूर जिल्ह्यात पावसाळा सरला की परसातील भाजीच्या वाफ्यांना पाणी पुरविणे ही घरोघरची चिंता होऊन बसते. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, काळी जमीन भेगाळते आणि दिलेले पाणी पाहता पाहता उडून जाते. अशा वेळी वाफ्यावर आच्छादन घालावे, हा सल्ला योग्यच होय. परंतु ते कशाचे घालावे याचा विचार पुष्कळदा होत नाही आणि जवळ आहे म्हणून ज्वारीचा कडबाच पसरला जातो. हे इष्ट नव्हे.

कडबा हे जनावरांचे अन्न आहे. मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडी 35-1 या वाणाचे शेतकऱ्यास मोल वाटते, ते दाण्याइतकेच कडब्यासाठीही. 2013 च्या दुष्काळात या जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हे कोणी विसरू नये. चार वांग्यांची झाडे जगविण्यासाठी बैलाच्या तोंडचा घास काढणे हा हिशेब तोट्याचाच आहे.

म्हणून निवडीचा नियम सोपा असावा: जे जनावर खात नाही आणि जे चुलीला लागत नाही, ते प्रथम वाफ्याला द्यावे. उसाचे वाढे गोठ्यात जावेत, पाचट वाफ्यावर यावे. एका हेक्टरातून सुमारे 8 ते 10 टन पाचट निघते. ते पेटवून देणे म्हणजे घरचे खत जाळणे होय. पालापाचोळा, भुईमुगाची टरफले व बी धरण्यापूर्वी उपटलेले तण हेही उपयोगी पडते.

वापरताही काळजी घेतली पाहिजे. प्रथम खुरपणी करून पाणी द्यावे, नंतर दोन ते तीन इंच जाडीचा थर पसरावा. रोपाच्या बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, म्हणजे बुंधा कुजत नाही. कच्चे पाचट मातीत मिसळल्यास कुजताना ते जमिनीतील नत्र ओढून घेते व पिके पिवळी पडतात. म्हणून ते वरच राहू द्यावे. भारी जमिनीत भर पावसात जाड थर घालू नये. प्लॅस्टिकचा कागद ठिबकावरील मोठ्या बागेस सोयीचा असला, तरी परसातील वाफ्यास त्याची गरज नाही. त्याचे फाटके तुकडे जनावरांच्या पोटात जातात.

ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्यांनीही निराश होऊ नये. सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 साली सुरू झाले. वारंवार कोळपून वरची माती भुसभुशीत ठेवावी, भेगा बुजवाव्यात, ही कोरडवाहू शेतीची जुनी शिकवण आहे. मातीचा तो सैल थर हेही आच्छादनच होय आणि त्यास खुरप्याखेरीज खर्च नाही.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आच्छादनाचा प्रचार अवश्य करावा. मात्र वाफा दाखविण्यापूर्वी त्या घरचा गोठा पाहावा.