'रणांगण' ही प्रेमकथा नव्हे

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्याविषयी जे लिहिले व बोलले जाते त्यात एक सूर आम्हांस नित्य खटकत आला आहे. आगबोटीवरील अल्पकाळाची एक विफल प्रीती, एवढे म्हणून रसिक मोकळे होतात. ज्यूंचा छळ, येऊ घातलेले युद्ध, हा सारा त्यांच्या लेखी मागचा रंगवलेला पडदा! हे मत आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे.

कथानक घडते तेव्हा लढाई अद्याप पेटावयाची आहे, तरी पुस्तकाचे नाव 'रणांगण' आहे. ते काय उगाच? जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा आणि युरोपातून स्वदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. तो मुंबईस उतरतो, ती बोटीवरच राहते, आणि पुढे समुद्रात जीव देते. चक्रधर दुबळा, असा आक्षेप आहे. असेल, पूर्वीच्या आघाताने तो कडवट झालेला आहेच. परंतु ज्या जगात माणसाचे मोल त्याच्या रक्तावरून व पासपोर्टावरून ठरते, तेथे त्याच्या धैर्याने असे काय मोठे बदलणार होते, हे आक्षेपकांनी सांगावे.

"ते दुःख परक्यांचे," असेही कोणी म्हणतात. असे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या नगराकडे पाहावे. १९१४ च्या युद्धात जर्मन व ऑस्ट्रियन लोकांना डांबण्याची छावणी येथेच होती. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध जाहीर होताच ती रीत पुन्हा सुरू झाली. हिंदुस्थानातील जर्मनांना धरून येथे आणले गेले, आणि त्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. सरकारच्या वहीत दोघेही 'शत्रुराष्ट्राचे नागरिक'! पुढे तिबेटात पळून गेलेला गिर्यारोहक हाइन्रिख हारर हा नाझी पक्षाचा सभासद. तोही प्रथम याच छावणीत होता. छळणारे व छळलेले एकाच कुंपणात! चौकशीअंती ज्यूंपैकी पुष्कळ सुटले, हे खरे. पण ज्या राज्यापाशी आश्रय मागितला त्यानेच आपल्याला आपल्या वैऱ्यांच्या पंक्तीस बसवावे, याचा घाव सुटकेच्या कागदाने भरून निघतो काय?

हॅर्टा मुंबईस उतरली असती तर तिच्या वाट्यास काय आले असते, याचा विचार आमच्या टीकाकारांपैकी कितीजणांनी केला आहे? नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ पर्यंत नेहरू बंदिवान होते हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. १९९४ पासून येथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. घरोघरची मंडळी तेथे जातात, पॅटन रणगाड्यापाशी छायाचित्र काढवून घेतात. आमची तक्रार त्या मंडळींविषयी नाही. ज्यांनी 'रणांगण' दोनदोनदा वाचले आणि दोन्ही वेळा केवळ हॅर्टासाठी डोळे पुसले, त्यांच्याविषयी आहे.